फादर सोपोच्को आणि ईश्वरी करुणेची उपासना

लॅटिन भाषेत ‘मिझेरिकोर्दिया’ असा एक शब्द आहे. ‘दीन’ आणि ‘हृदय’ या अर्थांचे दोन शब्द एकत्र येऊन तो सिद्ध झाला आहे. ज्याचे हृदय दीनाकडे ओढ घेते त्याच्या ठिकाणी हा गुण आहे असे समजावयाचे. पोलिश भाषेतील ‘मिवोशेर्ज्ये’ हा शब्दही त्याच घडणीचा. मराठीत त्यासाठी दया म्हणावे, कृपा म्हणावे, की करुणा म्हणावे? दयेमध्ये किंचित उंचावरून खाली पाहण्याची छटा आहे. कृपा ही मागून मिळणारी वस्तू आहे. करुणेत मात्र दुसऱ्याच्या दुःखाने स्वतः द्रवणे आहे, आणि समर्थांच्या करुणाष्टकांनी हा शब्द आपल्या घराघरांत कधीचाच नेऊन ठेवला आहे. तेव्हा या भाषणापुरता मी तोच पत्करतो.

कॅथलिक पंथाच्या घरांतून व चर्चमधून एक चित्र हल्ली सर्वत्र आढळते. वसईत, गोव्यात, मुंबईच्या उपनगरांतही ते दिसते. पांढरा झगा घातलेला ख्रिस्त उभा आहे. त्याचा उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे, डावा हात छातीवरच्या वस्त्राला स्पर्श करीत आहे, आणि तेथून दोन किरणशलाका निघाल्या आहेत, एक तांबडी व एक फिकट. खाली ‘हे येशू, तुझ्यावर माझा भरवसा आहे’ अशा अर्थाचे शब्द असतात. हे चित्र जिच्या दर्शनावरून काढले गेले त्या फाऊस्तिना कोवाल्स्का या पोलिश धर्मभगिनीचे नाव आता जगभर माहीत झाले आहे. परंतु तिने पाहिलेले चितारून घेणारा, तिला लिहावयास लावणारा, आणि तिच्या मृत्यूनंतर छत्तीसाहून अधिक वर्षे, पुष्कळदा एकट्याने, त्या उपासनेचा भार वाहणारा जो धर्मगुरू, त्याचे नाव पोलंडच्या बाहेर फारसे कोणी घेत नाही. त्या मिखाव सोपोच्को यांच्याविषयी मला आज सांगावयाचे आहे.

सोपोच्को यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८८ रोजी विल्नोच्या परिसरात झाला. विल्नो म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्नियस. त्या काळी हा प्रदेश रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान विल्नो पोलंडमध्ये होते. १९१४ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. नंतर त्यांनी काही वर्षे सैन्यात धर्मगुरू म्हणून काम केले, वॉर्सा येथे ईश्वरशास्त्राचा अभ्यास करून १९२६ साली डॉक्टरेट संपादन केली, आणि ते विल्नोला परतले. तेथील धर्मगुरू-प्रशिक्षणालयात ते विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले व १९२८ पासून स्तेफान बातोरी विद्यापीठात अध्यापन करू लागले. व्यसनमुक्तीच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. एकूण, पांडित्य आणि लोकसेवा यांत रमलेला, शिस्तीचा, सावध प्रकृतीचा हा माणूस होता. या सावधपणाला पुढच्या कथेत फार महत्त्व आहे.

१९३३ साली त्यांच्याकडे विल्नोमधील एका मठातील धर्मभगिनींचे पापनिवेदन ऐकण्याचे काम आले. त्यांच्यात सत्तावीस वर्षांची फाऊस्तिना होती. गरीब शेतकरी कुटुंबातील दहा भावंडांपैकी ती तिसरी. तिचे शिक्षण तीन वर्षांचेही नीट झालेले नव्हते. मठात येण्यापूर्वी तिने लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले होते, आणि मठात आल्यावरही स्वयंपाकघर, बाग व दरवाजा हीच तिची क्षेत्रे होती. अशा या मुलीने विद्यापीठातील प्राध्यापकाला सांगितले की, २२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्वोत्स्क गावच्या मठात आपणास ख्रिस्ताचे दर्शन झाले असून या रूपाचे चित्र काढावे अशी त्याची आज्ञा आहे. ईस्टरनंतरचा पहिला रविवार हा करुणेचा सण म्हणून पाळला जावा अशीही त्याची इच्छा आहे. आणि या कार्यात साहाय्य करणारा धर्मगुरू तुम्हीच आहात, असे मला पूर्वीच दिसले आहे.

अशा प्रसंगी भाबडा माणूस हुरळून जातो आणि रुक्ष माणूस हसून विषय बदलतो. सोपोच्को यांनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. येथे कॅथलिक चर्चची भूमिका थोडी समजून घेतली पाहिजे. ईश्वराने मानवजातीला जे प्रकट करावयाचे ते ख्रिस्त आणि त्याचे प्रेषित यांच्याबरोबर पूर्ण झाले, असे चर्च मानते. त्यानंतर कोणाला दर्शने झाली, तर ती खाजगी होत. चर्चने ती ग्राह्य मानली तरी ती मानणे श्रद्धाळूंवर बंधनकारक नसते, आणि ग्राह्य मानण्यापूर्वी चर्च शक्य तितका संशय घेते. मन आजारी आहे काय, दर्शन घेणाऱ्याला मोठेपणाची हाव आहे काय, सांगितलेले धर्मशिक्षणाशी जुळते काय, असे प्रश्न विचारावे लागतात.

सोपोच्को यांनी प्रथम मठाच्या प्रमुख भगिनीकडे फाऊस्तिनाविषयी विचारणा केली व तिच्या शरीराची आणि मनाची वैद्यकीय तपासणी करविली. तपासणीत ती निरोगी मनाची ठरली. मग त्यांनी आपला मोर्चा ग्रंथांकडे वळविला. करुणा हा ईश्वराचा सर्वश्रेष्ठ गुण आहे, असे ही जवळजवळ निरक्षर मुलगी म्हणत होती. प्राध्यापकांना ते प्रथमदर्शनी पटेना. ईश्वराच्या गुणांत लहानमोठे कसे ठरवावयाचे? त्यांनी जुन्या आचार्यांचे ग्रंथ उघडले, आणि संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनात त्यांना त्याच अर्थाचे विवेचन सापडले. ज्या मुलीने ते ग्रंथ पाहिलेही नव्हते तिच्या तोंडून त्यांतला विचार निघावा, याचे त्यांना नवल वाटले. माझ्या मते सोपोच्को यांचे मन खरे वळले ते या ठिकाणी, दर्शनांच्या अद्‌भुततेमुळे नव्हे.

या शोधाच्या वेळीच दोन गोष्टी घडल्या, आणि त्या अगदी व्यावहारिक कारणांनी घडल्या. फाऊस्तिनाला सांगावयाचे पुष्कळ असे. पापनिवेदनाची वेळ थोडी, आणि मागे इतर भगिनी तिष्ठत बसलेल्या. तेव्हा फादरांनी तिला सांगितले की, हे सारे एका वहीत लिहून काढ व मला अधूनमधून दाखव. पुढे जगातील अनेक भाषांत गेलेल्या ‘दैनंदिनी’चा उगम असा आहे. १९३४ साली ते पॅलेस्टाईनच्या यात्रेला गेले असताना फाऊस्तिनाने आपले लिखाण जाळून टाकले. परत आल्यावर त्यांनी ते पुन्हा लिहावयास लावले. त्यामुळे आज उपलब्ध असलेल्या मजकुरात जुन्या आणि नव्या हकिगती एकमेकींत मिसळल्या आहेत.

दुसरी गोष्ट चित्राची. सोपोच्को ज्या इमारतीत राहत होते तिच्यातच एउगेनिउश काझिमिरोव्स्की नावाचे चित्रकार राहत असत. फादरांनी त्यांच्याकडे हे काम सोपविले. आपण त्या वेळी दर्शनावरील विश्वासापेक्षा हे चित्र होते तरी कसे या कुतूहलानेच अधिक प्रवृत्त झालो होतो, असे त्यांनी पुढे आठवणीत नमूद केले आहे. १९३४ च्या जानेवारीत चित्रास आरंभ झाला. फाऊस्तिना आठवड्यातून एकदा तरी येई आणि हात इतका वर हवा, नजर अशी खाली वळलेली हवी, असे सांगे. किरणांचा अर्थ काय, हेही फादरांनी तिला विचारावयास लावले. ते रक्त आणि जल यांचे द्योतक आहेत, असे तिने उत्तर आणले. क्रुसावर ख्रिस्ताच्या कुशीत भाला खुपसला गेला तेव्हा रक्त व पाणी वाहिले, असा योहानाच्या शुभवर्तमानात उल्लेख आहे. त्याच्याशी हे जुळते. जूनमध्ये चित्र पुरे झाले. फाऊस्तिना ते पाहून रडली, कारण तिने पाहिलेल्या रूपाच्या मानाने ते तिला काहीच वाटले नाही.

पैशाचा खर्च फादरांनीच केला होता. पण चित्र लावावयाचे कोठे? आर्चबिशपांच्या अनुमतीवाचून नवी प्रतिमा चर्चमध्ये लावता येत नाही, आणि सोपोच्को नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. सेंट मायकेल चर्चचे ते प्रमुख होते. त्या चर्चशेजारच्या मठातील एका अंधाऱ्या बोळात त्यांनी चित्र ठेवून दिले. १९३५ साली संधी चालून आली. विल्नोच्या जुन्या तटबंदीत ओस्त्रा ब्रामा या नावाची एक वेस आहे व तिच्या माथ्यावर मातेचे सुप्रसिद्ध प्रार्थनास्थान आहे. ख्रिस्ताच्या बलिदानास १९०० वर्षे झाल्याचा जो महोत्सव चालू होता, त्याचा समारोप तेथे व्हावयाचा होता आणि सोपोच्को यांना प्रवचनासाठी बोलावणे आले. त्यांनी तेथील सज्जाच्या खिडकीत चित्र मांडण्याची परवानगी मिळविली. २६ ते २८ एप्रिल असे तीन दिवस ते लोकांना दिसले. शेवटचा दिवस ईस्टरनंतरचा पहिला रविवार होता. करुणेचा सण कोणी मान्य केलेला नव्हता. पण त्या दिवशी चित्र लावले गेले होते आणि प्रवचनाचा विषय करुणा हाच होता.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फाऊस्तिनाने एक लहानशी प्रार्थना लिहून काढली. रोजच्या जपमाळेच्याच मण्यांवर ती म्हणावयाची. फादरांनी ती छापविली. १९३६ मध्ये त्यांनी विल्नो येथे ईश्वरी करुणेवर पुस्तिका प्रसिद्ध केली व तिच्या मुखपृष्ठावर चित्र दिले. त्यांची प्रचाराची रीत अशी होती. लेख, पुस्तिका, बिशपांना पत्रे आणि पुन्हा लेख. लोकांना चमत्काराने दिपवून टाकण्यापेक्षा धर्मपीठाला युक्तिवादाने पटवावे, याकडे त्यांचा कल होता. १९३७ मध्ये आर्चबिशपांच्या संमतीने चित्र सेंट मायकेल चर्चमध्ये लागले.

त्यापूर्वीच, १९३६ च्या मार्चमध्ये, फाऊस्तिना विल्नो सोडून गेली होती. तिला क्षयाने ग्रासले होते. १९३८ च्या सप्टेंबरात सोपोच्को तिला क्राकूवला जाऊन भेटले, आणि ५ ऑक्टोबर रोजी वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती वारली.

पुढच्या वर्षी युद्ध पेटले. विल्नो आधी लिथुआनियाकडे, १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेकडे व १९४१ मध्ये जर्मनांकडे गेले. या धामधुमीत सोपोच्को यांनी करुणेच्या सणाची आवश्यकता प्रतिपादणारा लॅटिन प्रबंध लिहिला व त्याची प्रत जवळ घेऊन फादर याझेम्बोव्स्की नावाचे धर्मगुरू सैबेरिया व जपान या मार्गाने १९४१ साली अमेरिकेत पोहोचले. अमेरिकेत या उपासनेचा जो प्रसार झाला त्याचे हे बीज. पोलंडच्या पूर्वभागातून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली हजारो माणसे याच काळात जगभर पांगली. त्यांतील सुमारे पाच हजार, बहुतांशी बायका व मुले, १९४३ ते १९४८ पर्यंत आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली होती. सोपोच्को ज्या समाजातले होते तो कसा उद्ध्वस्त झाला, हे करवीरच्या जुन्या लोकांना वेगळे सांगावयास नको होते.

३ मार्च १९४२ रोजी जर्मनांनी विल्नोच्या प्रशिक्षणालयातील प्राध्यापक व विद्यार्थ्यांना पकडले. सोपोच्को यांना वेळीच सुगावा लागला व ते निसटले. शहराजवळच्या चार्नी बुर गावी, धर्मभगिनींच्या आश्रयाने, वेषांतर करून ते सुमारे अडीच वर्षे राहिले. लोकांना ते सुतार म्हणून माहीत होते आणि सुतारकाम ते खरोखरीच करीत. याच सुमारास काही तरुणींनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली व्रते घेतली. फाऊस्तिनाला ज्या नव्या संघाची तळमळ लागली होती, त्याची सुरुवात येथे झाली. १९४७ मध्ये पश्चिम पोलंडातील मिश्लीबुश येथे त्याचे पहिले घर उभे राहिले.

त्याच वर्षी सोपोच्को यांना विल्नो सोडावे लागले. सोव्हिएत अमलाखाली राहिल्यास सैबेरियाला पाठवणी होण्याचा धोका होता. नव्या सीमेच्या अलीकडे ब्याविस्तोक येथे ते आले आणि १९६२ पर्यंत तेथील प्रशिक्षणालयात शिकवीत राहिले. चित्र मात्र मागेच राहिले.

आता या कथेतील सर्वांत कठीण भागाकडे येऊ. युद्धाच्या काळात पोलिश लोकांनी ही उपासना मोठ्या भक्तीने उचलली. आदोल्फ हिवा या चित्रकाराने क्राकूवमध्ये काढलेल्या निराळ्या चित्राच्या प्रती लक्षावधी घरांत गेल्या. पण ज्या वेगाने ती पसरली त्या वेगाने तिच्यावर देखरेख होऊ शकली नाही. दैनंदिनीचे सदोष अनुवाद रोमला पोहोचले, आणि लोखंडी पडद्याआडचे मूळ कागद तेथे कोणी पाहू शकत नव्हते. ६ मार्च १९५९ रोजी रोमच्या धर्मपीठाने सूचनापत्र काढले. भगिनी फाऊस्तिनाने सांगितलेल्या स्वरूपात ही उपासना मांडणाऱ्या प्रतिमा व लेखन यांचा प्रसार बंद करण्यात आला, आणि लावलेल्या प्रतिमा काढण्याचा निर्णय बिशपांच्या विवेकावर सोपविण्यात आला. सोपोच्को यांना स्वतंत्रपणे कडक समज देण्यात आली. ते तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

त्यांनी काय करावे? बंड केले असते तर त्यांच्या मागे पुष्कळ लोक उभे राहिले असते. गप्प बसले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी आज्ञा पाळली, आणि काम सोडले नाही. हे कसे जमले ते समजून घेण्याजोगे आहे. बंदी होती ती दर्शनांवर आधारलेल्या स्वरूपावर. ईश्वराची करुणा ही काही दर्शनातून जन्मलेली गोष्ट नव्हे. ती स्तोत्रांत आहे, उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात आहे, चर्चच्या उपासनाविधीत आहे. तेव्हा सोपोच्को यांनी दर्शनांचा आधार बाजूस ठेवला आणि शास्त्राच्या बळावरच आपली मांडणी उभी केली. ईस्टरनंतरच्या रविवारी शुभवर्तमानातील जो उतारा वाचला जातो, त्यात पुनरुत्थित ख्रिस्त बंद दारांच्या खोलीत शिष्यांपुढे उभा राहतो व त्यांना पापक्षमेचा अधिकार देतो. करुणेचा सण याच दिवशी का, या प्रश्नाचे उत्तर आधीच त्या दिवसाच्या पाठात आहे, असे ते म्हणत. चित्राचा अर्थही ते याच प्रसंगावरून लावीत. हिवा यांचे लोकप्रिय चित्र त्यांना म्हणूनच पसंत नव्हते. आणि या बाबतीत त्यांचा आग्रह काहींना हेकेखोरपणाचा वाटला असेल, तर त्यांना फार दोष देता येत नाही. ‘ईश्वराची करुणा त्याच्या कार्यांत’ या अर्थाचे त्यांचे चार खंडांचे लेखन १९५९ ते १९६७ या काळात, म्हणजे ऐन बंदीच्या वर्षांत, परदेशांतून प्रसिद्ध झाले. त्यात अद्‌भुत असे थोडे आहे आणि शास्त्रार्थच पुष्कळ आहे.

फाऊस्तिनाने दैनंदिनीत एके ठिकाणी असे लिहून ठेवले होते की, एक दिवस हे कार्य समूळ नष्ट झाल्यासारखे दिसेल. सोपोच्को यांना ते माहीत होते. अशा वाक्याने धीर येतो की धास्ती वाढते, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. त्यांना धीर आला असे दिसते.

क्राकूवमध्ये यादरम्यान दुसरे एक पाऊल पडले. तेथील आर्चबिशप कारोल वोय्तिवा यांनी १९६५ साली फाऊस्तिनाच्या जीवनाची व लेखनाची रीतसर चौकशी सुरू करविली. वृद्ध सोपोच्को यांच्या आठवणी व टिपणे त्या वेळी मोलाची ठरली. १५ फेब्रुवारी १९७५ रोजी ब्याविस्तोक येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी बंदी कायम होती, सण मान्य झालेला नव्हता, आणि त्यांनी काढविलेले चित्र त्यांच्या दृष्टीआड परमुलखात होते.

१५ एप्रिल १९७८ रोजी रोमने बंदी उठविली. १९५९ मध्ये ठाऊक नसलेले अनेक मूळ कागद आता उपलब्ध झाले, हे कारण त्या पत्रात स्पष्ट दिले आहे. सहा महिन्यांनी वोय्तिवा हेच दुसरे जॉन पॉल या नावाने पोप झाले. ३० एप्रिल २००० रोजी त्यांनी फाऊस्तिनाला संत म्हणून घोषित केले आणि ईस्टरनंतरचा रविवार जगभरच्या कॅथलिकांसाठी ईश्वरी करुणेचा रविवार ठरविला. सोपोच्को यांना २८ सप्टेंबर २००८ रोजी ब्याविस्तोक येथे ‘धन्य’ ही पदवी मिळाली. संतपदाच्या अलीकडची ही पायरी होय.

आणि ते पहिले चित्र? १९४८ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी सेंट मायकेल चर्च बंद केले. १९५१ साली एक पोलिश व एक लिथुआनियन अशा दोन बायकांनी रखवालदाराला पैसे चारून चित्र बाहेर काढले, गुंडाळले व माळ्यावर लपविले. पुढे तुरुंगछावणीतून सुटून आलेल्या फादर ग्रासेविच यांनी ते बेलारूसमधील नोवा रुदा या खेड्यातील चर्चमध्ये नेले. १९७० साली तेही चर्च बंद झाले. आतले सर्व सामान उचलून नेण्यात आले. चित्र उंचावर होते म्हणून राहिले. गावकरी त्या ओसाड इमारतीत जमून त्याच्यापुढे प्रार्थना करीत. १९८६ मध्ये ते रात्रीच्या अंधारात गुपचूप उतरवून विल्नियसच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये आणले गेले. नंतर त्याची डागडुजी झाली, वर चढविलेले रंगाचे थर काढून काझिमिरोव्स्की यांची मूळ कामगिरी उघडी करण्यात आली, आणि २००५ पासून ते त्याच शहरातील एका लहान चर्चमध्ये आहे. रात्रंदिवस उघडे असलेल्या त्या चर्चमध्ये आज पोलिश आणि लिथुआनियन अशा दोन्ही भाषांत त्याच्यापुढे प्रार्थना चालते.